चिकूच्या माहेरी: कॅनकूनचे सात दिवस

घोलवडची वाडी सोडून आठ दिवस कुठे जायचं म्हटलं की अण्णांना तोडणी आठवते, नाहीतर फवारणी, नाहीतर बोअरची मोटर. यंदा आईने हट्टच धरला म्हणून दोघं ह्यूस्टनला आमच्याकडे आले. मार्चमध्ये पोराच्या शाळेला स्प्रिंग ब्रेक लागला आणि नवऱ्याने मेक्सिकोतल्या कॅनकूनची तिकिटं काढली. अण्णा म्हणाले, "समुद्र बघायला विमानाने कशाला जायचं? तो तर आपल्या वाडीच्या मागे आहे."

कागदपत्रांचं एवढंच: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण परत अमेरिकेत शिरायचं असतं, तेव्हा आईवडिलांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

शनिवार

ह्यूस्टनहून अडीच तासांत पोचलो. विमानतळाच्या आतच काउंटर मांडून हसऱ्या चेहऱ्याची माणसं "टॅक्सी? हॉटेल? माहिती हवी?" करत गाठतात. ते टाइमशेअरवाले, म्हणजे सुट्टीच्या घरातला हिस्सा गळ्यात मारणारे. मान खाली घालून सरळ बाहेर पडायचं आणि एडीओची बस पकडायची. ती शहराच्या बसस्थानकात आणून सोडते.

समुद्रकाठची मोठी हॉटेलं ज्या पट्ट्यात आहेत तो नकाशात इंग्रजी सातच्या आकड्यासारखा दिसतो. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खाजण, मधून वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता. आम्ही तिकडे न राहता गावात, सेंत्रोमध्ये राहिलो. एक तर स्वस्त, दुसरं म्हणजे आईला रिसॉर्टच्या बुफेत तिसऱ्या दिवशी कंटाळा येणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

या शहराचं वय माझ्या मोठ्या काकांपेक्षा कमी. १९७० साली मेक्सिको सरकारने ठरवून, आखून, परकीय चलन मिळावं म्हणून ते वसवायला घेतलं. त्याआधी या वाळूच्या पट्टीवर नारळाच्या बागेचे राखणदार सोडले तर कोणी राहत नव्हतं, असं सांगतात. हे ऐकून अण्णांचा पहिला प्रश्न, "मग त्या नारळांचं काय झालं?"

संध्याकाळी पार्के दे लास पालापास नावाच्या चौकात गेलो. शनिवार असल्यामुळे अख्खं गाव लोटलं होतं. लहान मुलं बॅटरीच्या गाड्या फिरवत होती, म्हातारी जोडपी नाचत होती आणि भोवती खाण्याच्या गाड्या. मार्केसिता खाल्ल्याशिवाय तिथून हलू नका. आपल्या सँडविच टोस्टरसारखा लोखंडी साचा असतो, गोल आणि चपटा. त्यात पातळ पीठ ओततात, साचा विस्तवावर उलटसुलट करतात, पापुद्रा तांबूस झाला की त्यावर एडाम चीज भसाभसा किसतात आणि गरम असतानाच सुरळी करतात. हातात येईपर्यंत कडक होते. बाहेर गोड, आत खारट. पोराने न्यूटेला घातलेली मागितली. आईने एक घास खाऊन म्हटलं, "साटोरीत चीज घातल्यासारखं लागतंय," आणि मग सगळी संपवली.

रविवार

सकाळी मेर्कादो २३ मध्ये गेलो. पर्यटकांचा बाजार म्हणजे मेर्कादो २८, तिथे टोप्या आणि फ्रिजवर लावायची चुंबकं. तेवीस नंबरचा गावकऱ्यांचा: सुक्या मिरच्यांचे ढीग, झाडू, मटण आणि फळं.

एका फळवालीसमोर अण्णा थांबले. मी दहा पावलं पुढे जाऊन मागे पाहिलं तर ते टोपलीत हात घालून फळ चाचपत होते. खाकी साल, वर बारीक भुसा. अंगठ्याने भुसा पुसला, नखाने साल किंचित खरवडली, आत हिरवं दिसतंय का ते पाहिलं. हिरवं असेल तर कोवळ्यात तोडलेलं, पिवळसर असेल तर तयार. हे मी लहानपणापासून हजार वेळा पाहिलंय, फक्त मेक्सिकोत पाहीन असं वाटलं नव्हतं.

"अगं, चिकू आहे हा. इथे कुठून आला?"

पोरगा शाळेत स्पॅनिश शिकतो, म्हणून त्याला पुढे केलं. बाई म्हणाली, "चिकोसापोते." अण्णांनी पुन्हा विचारायला लावलं. तिने सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "चिको-सापोते. दे आकी." म्हणजे इथलाच.

आमच्या अण्णांची सत्तर वर्षांची समजूत अशी, की फळात चीक असतो म्हणून त्याला चिकू म्हणतात. तसं ते आम्हालाही सांगत आले. चिकू मूळचा बाहेरचा आहे हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण तेही बटाटा बाहेरचा आहे हे जसं माहीत असतं तसं. नावही इथूनच आलंय म्हटल्यावर ते जरा गप्प झाले. अर्धा डझन फळं घेतली. भाव ऐकून म्हणाले, "वाशीला आमच्या हातात याच्या निम्मेही पडत नाहीत."

दुपारी आर-वन बसने प्लाया देल्फिनेसला. ही सिटी बस हॉटेलांच्या पट्ट्यात सतत धावते, काही पेसोंत काम होतं, सुटे पेसो जवळ ठेवा. कायद्याने मेक्सिकोतले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे हॉटेलात उतरलेले नसलात तरी वाळूवर कोणी अडवू शकत नाही. आत जायची वाट तेवढी शोधावी लागते. देल्फिनेसला तीही अडचण नाही.

पाण्याच्या रंगाबद्दल सगळेच लिहितात, मी वाळूबद्दल लिहिते. भर दुपारी अनवाणी चाललो तरी पाय भाजत नाहीत. ही वाळू दगडाची नाही, शिंपल्या-प्रवाळांचा चुरा आहे. पांढरी, पिठासारखी. बोर्डीच्या काळसर वाळूत मार्चमध्ये दुपारी चप्पल काढून दाखवा! पण पाणी दिसतं तेवढं गरीब नाही. लाल बावटा लागला होता आणि लाटा आत ओढत होत्या. पिवळा असेल तर जपून, लाल-काळा असेल तर फक्त बघायचं. २००५ मध्ये विल्मा नावाचं चक्रीवादळ या भागावर ठाण मांडून बसलं आणि किनाऱ्याची वाळूच घेऊन गेलं. नंतर समुद्रतळातून पंपाने वाळू उपसून किनारे पुन्हा भरावे लागले.

तिथून जवळच एल रेय नावाचे, इथल्या प्राचीन माया लोकांचे अवशेष आहेत. दगडांपेक्षा घोरपडीएवढे इग्वानाच जास्त. आईने पदर सावरला आणि अवशेष लांबूनच पाहिले.

सोमवार

इस्ला मुहेरेस, म्हणजे बायकांचं बेट. स्पॅनिश लोक १५१७ मध्ये आले तेव्हा त्यांना इथे स्त्रीमूर्ती सापडल्या, त्यावरून हे नाव. पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावरून फेरीने वीस मिनिटं. तिकडे लोक गोल्फ कार्ट भाड्याने घेऊन फिरतात. आम्हीही घेतली, आणि नवऱ्याच्या शेजारी पुढे बसून अण्णांनी ट्रॅक्टरवर बसल्याच्या थाटात बेट पाहिलं.

प्लाया नोर्ते इथली सगळ्यात शांत चौपाटी. कमरेएवढ्या पाण्यात कितीही आत जा. आई साडीवर पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. मग म्हणाली, "आता भिजलेच आहे तर," आणि चक्क बसली.

जेवायला तिकिन शिक. माशाला शेंदरीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळायचा, केळीच्या पानावर घालून निखाऱ्यांवर भाजायचा. पान उघडल्यावर वास आला आणि अण्णा आणि आई एकमेकांकडे बघून एकदमच म्हणाले, "पात्रानी!" घोलवड-डहाणूला पारशी-इराणी शेजारात वाढलेल्या माणसांना केळीच्या पानातला मासा काही नवा नाही. फक्त तिकडे हिरवी चटणी, इकडे लाल. सोबत हाबानेरो मिरचीचं लोणच्यासारखं काहीतरी येतं. आम्ही कोकणपट्टीतले, आम्हाला काय होतंय, असं म्हणून नवऱ्याने चमचाभर घेतलं. पुढची दहा मिनिटं तो बोलला नाही. एक टोक जिभेला लावून बघा, मग ठरवा. विस्तव विझवायला आग्वा दे हामाइका मिळतं. ते म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

मंगळवार

पुएर्तो मोरेलोस हे कॅनकूनच्या दक्षिणेला पस्तीस-छत्तीस किलोमीटरवरचं कोळ्यांचं गाव. तिथल्या वनस्पती उद्यानाचं नाव मी रविवारी रात्रीच शोधून ठेवलं होतं. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसतं. नवऱ्याला आणि पोराला पाण्याखालचे पुतळे बघायला पाठवलं (समुद्रतळाशी माणसांचे शेकडो पुतळे उभे केलेत, त्यांच्यावर प्रवाळ वाढावं म्हणून) आणि आम्ही तिघं इकडे.

आत गेल्यावर जंगलच. पन्नाशीचा एक मायावंशीय रखवालदार सोबत आला. त्याचं स्पॅनिश आणि माझ्या फोनमधलं भाषांतर यांच्यावर काम चाललं. एका ठिकाणी त्याने हात वर केला. समोर खोड, सरळ, वर वर जाणारं, मान मोडेपर्यंत. आमच्याकडचं चिकूचं झाड म्हणजे बसकं, घेरदार, फांद्या जमिनीकडे आलेल्या. इथे ते साग असल्यासारखं उभं. आणि खोडभर जखमा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कोयत्याने तिरपे घाव घातलेले, एकात एक मिळवलेले, खालपासून पार वरपर्यंत. घाव जुने होते, कडा भरून आल्या होत्या.

रखवालदाराचा आजा चिक्लेरो होता. पावसाळ्यात, झाड रसाने भरलेलं असताना, चिक्लेरो कमरेला दोर बांधून वर चढायचे आणि घाव घालत जायचे. पांढरा चीक त्या नागमोडी पन्हळातून उतरत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमायचा. मग तो कढईत आटवून घट्ट करायचा आणि लाकडी साच्यात ओतून विटा पाडायच्या. त्या विटा जायच्या अमेरिकेला. च्युइंगगम! साखर आणि वास लावलेला चिकूचा चीक जगाने पुढे कैक वर्षं चघळला. त्या चिकाला म्हणतात 'चिकले'.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"चिकले."

"म्हणजे चीकच की!" अण्णा रखवालदाराला मराठीत म्हणाले. "आमच्याकडेही चीकच म्हणतात."

हा योगायोग आहे, हे मी त्यांना सांगितलं. चिकले हा शब्द मेक्सिकोतल्या जुन्या नाउआत्ल भाषेतल्या 'चिकट वस्तू' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, तू पुस्तकं वाच. रविवारी हरलेला मुद्दा त्यांना परत मिळाला होता आणि तो ते सोडणार नव्हते.

साडेनऊ वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. अण्णांनी वाडीवरच्या गड्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि कॅमेरा खोडाकडे धरला. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग तो म्हणाला, "शेठ, एवढे कोयते कोणी मारले त्याला? सांभाळत नाहीत का झाडं?"

अण्णांनी मग रखवालदाराला आपलं सांगितलं, हातवारे करून, माझ्या फोनला मध्ये न घेता. आम्ही खोडाला हात लावत नाही, झेल्याने फळ काढतो, देठातून जो थेंब येतो तेवढाच चीक. कलम बांधायचं तर रायणीच्या खुंटावर. रायण म्हणजे खिरणी, तीही त्याच कुळातली. झाडाच्या पाटीवर शास्त्रीय नाव होतं मनिलकारा सापोटा. घरी येऊन पाहिलं तर मनिलकारा हा शब्द मल्याळममधून घेतलाय. म्हणजे झाड मेक्सिकोचं, कुळाचं नाव केरळचं आणि आमच्या वाडीतला खुंट रायणीचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. अण्णांनी तेही त्या माणसाला सांगितलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने अण्णांशी हात मिळवला.

जाणार असाल तर डासांचं मलम विसरू नका, मी विसरले. आणि लटकत्या पुलावर सांभाळून, तो चांगलाच हलतो. दुपारी गावातल्या किनाऱ्यावर गेलो तर काठाला तपकिरी शेवाळाचा थर, सर्गासो. उन्हाळ्याकडे हे वाढत जातं आणि कुजलं की वास मारतं. निळं पाणी हेच कारण असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बघा.

बुधवार

नोर्ते आला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा हा गार वारा. रात्रीत पारा उतरला, किनाऱ्यावर काळे बावटे. अण्णांनी ह्यूस्टनसाठी आणलेली कानटोपी कॅरिबियनमध्ये वापरली. दिवसभर पत्ते खेळलो, माया संग्रहालयाला जायचं राहिलं. एटीएममधून पैसे काढताना यंत्र डॉलरमध्ये हिशोब करून देऊ का विचारतं, तेव्हा 'नाही' दाबा. आम्ही एकदा 'हो' दाबलं.

गुरुवार

चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर कॅनकूनपासून दोनशे किलोमीटर. भाड्याची गाडी घेतली. काउंटरवर विम्यापोटी आधी दिसलेल्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे मागितले. तिथे भांडून उपयोग नाही, बुक करतानाच मेक्सिकोतला थर्ड पार्टी विमा धरून हिशोब करा.

पहाटे साडेपाचला निघून बरोबर आठला, दार उघडायच्या वेळेला पोचलो. दार बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अण्णांनी एचएमटी कानाला लावून पाहिलं. शेवटी एका फेरीवाल्याने आकाशाकडे बोट करून सात बोटं दाखवली. युकातान राज्याचं घड्याळ कॅनकूनच्या किंताना रो राज्यापेक्षा तासभर मागे आहे! रोमिंग वाचवायला फोन विमान-मोडवर, म्हणून त्यांनाही पत्ता नाही. पण तो तास वाया गेला नाही. रांगेत पहिले आम्हीच, आणि आत गेलो तेव्हा त्या प्रचंड मैदानात पिरॅमिड आणि आम्ही पाच जण. साडेदहानंतर बसगाड्या आल्या आणि जत्रा झाली. तेव्हा चुकून का होईना, लवकर जाच. तिकिटं दोन असतात, एक केंद्राचं आणि एक राज्याचं. एकच घेऊन पुढे गेलात तर परत पाठवतात.

पिरॅमिडला चार बाजूंनी एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. आता चढू देत नाहीत. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून प्रतिध्वनी येतो तो टाळीचा नाही, पाखराच्या चिवचिवाटासारखा. पोराने चाळीस टाळ्या वाजवल्या. २१ मार्चच्या सुमारास सूर्य कलताना पायऱ्यांच्या कठड्यावर उजेड-सावलीचे त्रिकोण पडतात आणि साप उतरताना दिसतो. आम्ही आठवडाभर आधी आणि तेही सकाळी, त्यामुळे नुसता दगडी सापाचा जबडा पाहिला. आई म्हणाली, "कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखंच." गाइडने वरच्या देवळाकडे बोट दाखवून सांगितलं, दारावरची तुळई सापोतेच्या लाकडाची. हे मी अण्णांसाठी दोनदा भाषांतर केलं. त्यांनी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

दुपारी वायादोलिद. या भागात जमिनीवर नद्या नाहीत, सगळं पाणी चुनखडीच्या पोटात. छत कोसळलं की खाली डोह उघडा पडतो, तोच सेनोते. गावाच्या मधोमध साकी नावाचा आहे. पायऱ्या उतरून गेलो की गार सावली, वरून लोंबणारी मुळं आणि काळंनिळं पाणी. अंगाला सनस्क्रीन असेल तर आधी आंघोळ करावी लागते. आई पायरीवर बसून म्हणाली, "आमच्या गावची विहीर एवढी असती तर."

तिचा गुरुवारचा उपास नसतो, पण त्या दिवशी मांस, मासे, अंडं काही नाही. इथे राजमा-घेवड्यातही डुकराची चरबी असू शकते, तेव्हा 'सिन मान्तेका' हे दोन शब्द पाठ करून ठेवा. बाजाराजवळ एक बाई मोठ्या तव्यावर तोर्तिया थापत होती. पांढरा झगा, गळ्याभोवती भरतकामाची फुलं. सिकिल पाक म्हणून भोपळ्याच्या बियांची टोमॅटो घालून केलेली चटणी होती, ती आईला इतकी आवडली की कृती विचारायला तव्यापाशीच गेली. बाईने तिच्या हातात पिठाचा गोळा ठेवला. पहिली तोर्तिया कडेला चिरली. भाकरीचा हात वेगळा, आणि मका इथे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्याचा चिकटपणा वेगळा. दुसरी गोल झाली. बाईने ती तव्यावर टाकली, फुगल्यावर बोटाने दाबली आणि उलटून आईलाच वाढली. पैसे मोजताना ती एक धरली नाही.

शुक्रवार

परतीचं विमान दुपारचं. विमानतळावर बसल्या बसल्या अण्णांनी उरलेले दोन चिकू संपवले. आपल्या कालीपत्तीपेक्षा लहान, बिया जास्त, पण गोडी उतरलेली नाही, हा त्यांचा अभिप्राय. बिया रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. अमेरिकेत फळं नाहीत की बिया नाहीत, काही नेता येत नाही, हे मी परत सांगितलं.

त्यांनी रुमाल उघडला, काळ्याभोर चार बिया एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"बी लावून तसाही उपयोग नाही. सात-आठ वर्षं फळ नाही, आणि येईल ते कसं निघेल सांगता येत नाही. कलमच पाहिजे." मग जरा वेळाने, हळूच, "काडी चालते का, विचार की त्यांना."

मी विचारलं नाही.